परतवणं वेगळं, सुरू करणं वेगळं

युद्धाआधी संसदेची मंजुरी हवी म्हटलं की विचारलं जातं, ‘संसदेत चर्चा करत बसलं तर शत्रू थांबणार आहे का?’ हा मुद्दा हल्ला परतवण्यापुरता मान्य. स्वतःहून युद्धात उतरायला तो लागू होत नाही. ४ ऑगस्ट १९६४ ला व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दुसरा हल्ला झाल्याचं अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी देशाला सांगितलं. तो झालाच नव्हता. तरी तीनच दिवसांत सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी त्यांना मोकळं रान दिलं, आणि व्हिएतनाममध्ये पुढे काय झालं ते आपण जाणतोच. १९७३ च्या अमेरिकी कायद्याने संसदेच्या मंजुरीशिवाय चालणाऱ्या लष्करी कारवाईला ६० दिवसांची मुदत घातली खरी, पण २०११ मध्ये लिबियावर बॉम्ब पडत असताना ओबामा प्रशासनाने या कारवाईला तो लागूच होत नाही असा अर्थ काढला. म्हणून नुसती मुदत मला अपुरी वाटते. ज्या पुराव्यावर माणसं मरायला पाठवायची, तो मतदानाआधी विरोधी बाकांनाही पूर्ण दिसला पाहिजे.