शाखेतले आयपी फोन दुपारी तुटतात, जी ७२९ लावू का?

तासगाव_आयटी:
नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेचं हेड ऑफिस सांगलीत, तिथं अ‍ॅस्टरिस्क बसवलाय (फोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर), तासगाव शाखेतले सहा फोन ओपनव्हीपीएनवरून (इंटरनेटमधला खाजगी बोगदा, म्हणजे टनेल) त्यालाच रजिस्टर होतात. सकाळी आवाज एकदम क्लिअर, पण तीन-साडेतीननंतर समोरचा म्हणतो "साहेब तुमचा आवाज तुटतोय", आम्हाला मात्र त्याचं सगळं नीट ऐकू येतं. लाइन १० एमबीपीएस डाउन, २ अप. कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) जी ७११ ए-लॉ. लाइनवाला म्हणतो प्लॅन वाढवा. मी म्हणतो जी ७२९ लावू, ६४ केबीपीएसचे थेट ८ होतात, बरोबर ना?

तारवाला:
कोडेकला हात लावू नका अजून. त्यांचं तुम्हाला नीट येतं आणि तुमचं त्यांना तुटतं, म्हणजे घोळ अपलोडचा, हे तुम्हीच सांगून टाकलंत. आता हिशोब बघा, ६४ हा नुसता आवाज, २० मिलिसेकंदाचं एक पॅकेट धरलं तर सेकंदाला ५० पॅकेटं, प्रत्येकावर आयपी-यूडीपी-आरटीपीचे ४० बाइट हेडर (पत्ता वगैरे माहिती) आणि वर इथरनेट, असे एका कॉलला ८७ केबीपीएस. सहाही फोन एकदम चालू असले तरी सव्वापाचशेच्या आत. २ एमबीपीएसमध्ये आरामात बसतं की. दुपारी कोण काय अपलोड करतंय ते शोधा आधी.

रात्रपाळी:
तारवाला, व्हीपीएन धरायचं राहिलं 🙂 टनेलचे अजून पन्नास-साठ बाइट प्रत्येक पॅकेटवर चढतात, एका कॉलला ११० धरा. तरी सहाचे साडेसहाशेच, म्हणजे मुद्दा तोच राहतो.

आणि ७२९ मध्ये ८ चे ८ राहत नाहीत हो. आवाज २० बाइट, डोक्यावर हेडर ४०, त्यावर टनेल, सगळं मिळून कॉलला पन्नासच्या आसपास जातं. पॅकेटं तेवढीच, सेकंदाला ५०. वर फॅक्स चालणार नाही, आणि डीटीएमएफ (बटणांचे सूर) इनबँड, म्हणजे आवाजातूनच, ठेवला असेल तर आयव्हीआरमध्ये ("एक दाबा, दोन दाबा" वाला मेनू) बटणं ओळखू येणार नाहीत, तो आरएफसी २८३३ वर टाकावा लागेल, म्हणजे बटणं वेगळ्या पॅकेटांतून जातील. पेटंट २०१७ पासून संपलंय हे खरं, पण फुकट आहे म्हणून लावायचं का.

व्हीपीएन टीसीपीवर आहे की यूडीपीवर? टीसीपीवर असेल तर आधी ते बदला, एक पॅकेट हरवलं की मागची सगळी अडकतात.

तासगाव_आयटी:
यूडीपीच आहे. शोधलं, साडेतीनला दिवसाचा बॅकअप हेड ऑफिसला जातो, आणि सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग तर दिवसभर चालूच. पण मग प्लॅन वाढवला तर सुटेल ना?

तारवाला:
बॅकअप वाढलेली लाइनसुद्धा भरून टाकणार, फक्त लवकर संपेल. खरी गडबड मोडेमच्या बफरमध्ये (पॅकेटं रांगेत थांबतात ती जागा) आहे. अडीचशे केबीचा बफर भरला की २ एमबीपीएसवर तो रिकामा व्हायला एक सेकंद लागतो, आणि आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) शिफारस एका बाजूनं १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावं अशी आहे. गिरणीत पुढच्याची पोती दळून होईपर्यंत तुमचा छोटा डबा ताटकळतो, तसं. जिटर बफर (फोन पॅकेटं थोडी साठवून सलग वाजवतो तो) वाढवून हे झाकलं जाईल असं वाटतं पण तेवढा उशीर बोलण्यात जाणवतोच.

शाखेच्या राउटरवर अपलोड १.७ एमबीपीएसला बांधा, म्हणजे रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागेल, आणि तिथं डीएससीपी ४६ वाल्या (आवाजाचं मार्किंग असलेल्या) पॅकेटांना पुढं काढा. पण त्या रांगेलाही ७०० केबीपीएसची कमाल मर्यादा घाला, नाहीतर कोणीतरी मार्किंग लावून सगळी लाइन खाईल.

रात्रपाळी:
+१. फक्त ओपनव्हीपीएनमध्ये पासटीओएस ऑप्शन टाकल्याशिवाय आतलं मार्किंग बाहेरच्या पॅकेटवर येत नाही, राउटरला सगळं एकसारखंच दिसतं. शाखेच्या टोकाला तो टाकाच. आणि पुढं इंटरनेटवर कोणी त्या मार्किंगला विचारत नाही, तुमच्या दारापर्यंतच त्याची चालते, पण अडतंय दारातच.

तासगाव_आयटी:
केलं सगळं. आज बॅकअप चालू असतानाच सांगलीला फोन लावला, आवाज तुटला नाही, पिंग (पॅकेट जाऊन परत यायचा वेळ) आधी ९०० मिलिसेकंदांच्या वर जायचा तो आता ६०-७० ला थांबतो. बॅकअपला जरा जास्त वेळ लागला, मॅनेजर कुरकुरले. कॅमेरेवाला मात्र बिटरेट कमी करायला तयार नाही.

तारवाला:
त्याला सबस्ट्रीम (कमी दर्जाचं चित्र) क्लाउडवर आणि मेनस्ट्रीम (पूर्ण दर्जाचं) शाखेतल्या डीव्हीआरवर ठेवायला सांगा, सेटिंग दोन मिनिटांचं आहे.