‘अंत पाहणे’ आणि ‘अंताची वाट पाहणे’: धीर, सहनशीलता, तग

मूळ प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)

सर्वांना सलाम. आमच्या गावच्या मंडळीत गेल्या गुरुवारी घरगुती प्रार्थना होती. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा मुलगा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला आहे. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी हात जोडून एवढेच म्हटले, “देवा, आता माहा अंत नको पाहू.” बाहेरगावाहून आलेल्या एका तरुण प्रचारकाने प्रार्थना संपल्यावर त्यांना हळूच समजावले की विश्वासणाऱ्याच्या तोंडी असे बोलणे शोभत नाही, कारण आपण तर अंताची वाट पाहणारे लोक आहोत आणि आपल्याला सहनशीलता शिकवलेली आहे. आजी काही बोलल्या नाहीत, पण शेवटच्या गीताला त्यांनी टाळीही वाजवली नाही. मला ते फार लागले. मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, म्हणून विचारते: ‘अंत पाहणे’ म्हणजे नेमके काय? आणि पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ज्याला कधी ‘धीर’ तर कधी ‘सहनशीलता’ म्हटले आहे, ती एकच गोष्ट आहे का?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, वाशीम जिल्हा)

ताई, मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे केवळ भाषेपुरते लिहितो. ‘अंत’ म्हणजे शेवट, तशीच सीमाही. ‘त्याच्या मनाचा अंत लागत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तिथे शेवटाचा संबंध नसतो, ठाव घेण्याचा असतो. ‘अंत पाहणे’ म्हणजे समोरच्याची सोसण्याची सीमा कुठे आहे ते ताणून ताणून पाहणे. आजींच्या बोलण्यात जगाच्या शेवटाविषयी एक अक्षरही नव्हते. माझे सोसणे आता काठावर आले आहे, एवढेच त्या सांगत होत्या, आणि ज्याला सांगायचे त्यालाच सांगत होत्या. प्रचारकांनी दोन निराळे ‘अंत’ एकत्र केले. ‘अंतकाळ’ हा शब्दसुद्धा मराठीत बहुतेक वेळा माणसाच्या मरणवेळेसाठी येतो, आणि जगाच्या शेवटासाठी तुमच्या शास्त्रात ‘युगाची समाप्ती’ असा शब्द योजलेला मी वाचला आहे, तो मला अधिक नेमका वाटतो.

‘धीर’ आणि ‘सहनशीलता’ यांतला फरक त्यांच्या क्रियापदांवरून ओळखावा. धीर धरता येतो, देता येतो. तो सुटतो, खचतो. शेजारी येऊन बसला तरी धीर येतो. सहनशीलता मात्र कोणी कोणाला देऊ शकत नाही. ती अंगी असावी लागते, नसेल तर नसल्याचा दोष माथी येतो. शिवाय घरोघरी सुनांना ‘जरा सहनशील व्हा’ असे इतक्यांदा सांगितले गेले आहे की त्या शब्दाला आता अन्याय मुकाट गिळण्याचा वास येतो.

उत्तर (पाळक, अमरावती जिल्हा)

गुरुजींनी दाखवलेला फरक मोलाचा आहे. त्यात मूळ भाषेची थोडी भर घालतो. यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, १९८३ साली पुण्याला गेली. त्यापूर्वी तिथे शिकलेल्या एका वडीलधाऱ्यांकडून मी ग्रीकची मुळाक्षरे गिरवली, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, यासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. पहिला ‘माक्रोथुमिया’. ‘माक्रोस’ म्हणजे लांब आणि ‘थुमोस’ म्हणजे मनाचा आवेग, संताप. ज्याचा राग लांब पल्ल्याचा आहे, लवकर पेटत नाही, त्याचा हा गुण. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळांमध्ये मराठीत ‘सहनशीलता’ आहे ती हीच, आणि ‘प्रीती सहनशील आहे’ या वचनातले क्रियापदही याच शब्दाचे. दुसरा शब्द ‘हुपोमोने’. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनो’ म्हणजे राहणे. ओझ्याखालून पळून न जाता तिथेच राहणे, असा त्याचा अर्थ. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात शेवटपर्यंत टिकून राहणाऱ्याविषयी प्रभू बोलतो, तिथे हा शब्द आहे. सर्वस्व गमावूनही टिकलेल्या ईयोबाविषयी याकोब आपल्या पत्रात लिहितो, तिथेही हाच. पहिला शब्द माणसांच्या बाबतीत आणि दुसरा परिस्थितीच्या बाबतीत, अशी विभागणी शिकवली जाते. ती सोयीची आहे, पण काटेकोर नाही.

ती कुठे मोडते ते पाहा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘प्रभूच्या आगमनापर्यंत धीर धरा’ असे म्हणून लगेच शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. पावसाची वाट पाहणे ही परिस्थिती आहे, तरी तिथे ‘माक्रोथुमिया’चेच क्रियापद आहे. याचे कारण मला तीन ओळी वर सापडते: शेत कापणाऱ्या मजुरांची धनिकांनी अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असे याकोब आधी लिहितो. म्हणजे समोर माणसे आहेत, त्यांच्यावर राग आहे, आणि तो राग योग्यही आहे. त्या रागाला लांब पल्ला द्यावा, असे तो सांगतो. मजुरीचा हिशोब विसरा, असे कुठेही म्हणत नाही. ज्याला ‘सहनशीलता’ या शब्दाचा गुरुजी म्हणतात तसा वास येत असेल, त्याने हा अध्याय चौथ्या वचनापासून वाचावा.

त्याच दाखल्यातल्या ‘पहिल्या व शेवटच्या पावसा’वर आपल्याकडे उपदेश करताना मात्र फार जपावे लागते. पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, त्यावर गहू आणि जव पेरतात. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलच्या सुमारास येतो आणि त्याने दाणा भरतो. आपल्याकडचा माणूस ‘शेवटचा पाऊस’ म्हटला की परतीचा पाऊस समजतो, आणि कापलेल्या सोयाबीनच्या गंजीवर किंवा फुटलेल्या बोंडावर तो पडला तर काय होते हे त्याला कोणी सांगायला नको. एकदा माझ्या उपदेशानंतर एक शेतकरी म्हणाला, “साहेब, तो पाऊस येऊच नये म्हणून आम्ही प्रार्थना करतो.” तेव्हापासून मी हा दाखला रब्बीच्या भाषेत सांगतो.

आता ‘हुपोमोने’ला मराठीत काय म्हणावे? माझ्या मते त्यासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहे तो ‘तग’. मृगाच्या सरींवर पेरणी झाली आणि मग पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, की एका धुऱ्यावरची पऱ्हाटी माना टाकते आणि शेजारची तग धरते. तग धरलेले रोप दुपारी मलूल दिसते, पण मूळ सोडत नाही, आणि मातीखाली त्याचे काम चाललेले असते. ‘येथे पवित्र जनांचा तग आहे’ असे प्रकटीकरण या नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात वाचायला मिळाले तर खेड्यातल्या माणसाला ते एका दमात कळेल. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सबंध शास्त्राचे मराठी केले, ते त्यांच्या मागे १९२४ साली प्रसिद्ध झाले. साध्या बायाबापड्यांना कळावे हीच त्यांची तळमळ होती, त्यामुळे शेतातला शब्द शास्त्रात घेण्याचा संकोच आपण बाळगू नये.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे. अंत जवळ आला म्हणून काम सोडणारे लोक थेस्सलनीकात होते, आणि जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये, असे पौलाने त्यांना बजावले. एका फिरत्या उपदेशकाने तारीख सांगितली म्हणून एका वर्षी पेरणी न केलेले घर मी स्वतः पाहिले आहे. त्या घराला पुढची दोन वर्षे सावरायला लागली. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे वचन त्यांना त्या वेळी कोणी वाचून दाखवले असते, तर!

आजींना माझा सलाम सांगा, ताई. ‘किती काळ, प्रभू?’ ही हाक स्तोत्रांत आहे आणि प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वेदीखालच्या हुतात्म्यांच्या तोंडीही आहे. त्यांना कोणी गप्प केले नाही.

उत्तर (संत्रा बागायतदार, मोर्शी तालुका)

आमच्या बागेत बहार धरण्यासाठी झाडाला पाणी तोडून ताण देतात. ताण चालू असताना बागवान रोज झाडाखाली जाऊन पाने बघतो, कारण ताण अधिक झाला तर झाडच जाते. ताण देणारा झाडाचा अंत पाहत नसतो, एवढा फरक या शब्दांत मला दिसतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. भाऊ, तुमचा दाखला मला पटला, पण तो मी आजींना सांगणार नाही. ज्याच्यावर ताण आहे त्याला ताणाचा उपयोग दुसऱ्याने सांगू नये असे मला वाटते. काल त्यांच्याकडे गेले तेव्हा मी केवळ वेदीखालच्या आत्म्यांचे वचन वाचले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले. मग मुलाची कूस बदलता बदलता म्हणाल्या, “मी त वाटच पाहून राहिली ना बाई.”

घरी येताना मनात आले की आपल्या विदर्भातल्या ‘पाहून राहिली’मध्ये ‘राहणे’ आहे, आणि पाळकसाहेबांनी सांगितलेल्या ‘मेनो’चा अर्थही राहणे हाच आहे. गुरुजी, हे जोडणे व्याकरणाला धरून आहे का?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक)

धरून नाही, ताई. तिथे ‘राहणे’ हे सहायक क्रियापद आहे आणि क्रिया अजून चालू आहे एवढेच ते दाखवते. पण क्रिया अजून चालू आहे, हे तरी ते दाखवतेच. मुलांना शिकवताना दोन्ही गोष्टी सांगा.