वाहत्या रस्त्यालगत ड्राइव्हवे: जेसीबी आणायचा की नाही?

पायवाट

आमच्या घरासमोरचा रस्ता कधी रिकामा नसतो. फाटकापासून घरापर्यंत १२ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद काँक्रीटचा ड्राइव्हवे करायचा ठरला. खोदाई साधारण ३० सेंटीमीटर. कंत्राटदार म्हणाला, जेसीबी लावतो, एका दिवसात खोदाई उरकतो. मी मान डोलावली, आणि तिथेच चुकलो.

डंपर रस्त्याच्या कडेला उभा. जेसीबी आत पुढच्या बकेटने माती खरवडायचा, बकेट भरली की फाटकातून उलटा बाहेर यायचा, रस्त्यावर अर्धा वळायचा आणि डंपरमध्ये ओतायचा. उलटं येताना सगळ्यात आधी बाहेर येते ती मागची दुमडलेली आर्म. ऑपरेटर तेव्हा अजून आत, फाटकाच्या खांबांच्या आड. त्याला रस्ता दिसण्याआधीच आर्म रस्त्यावर पोचलेली. हेल्परच्या एका हातात लाल फडकं, दुसऱ्या हातात फोन. सातव्या की आठव्या फेरीला एक मोटारसायकलवाला आला. आर्म चुकवायला तो मधल्या पट्ट्याच्या पलीकडे गेला आणि समोरून ट्रक. कसा निसटला ते त्यालाच ठाऊक. पुढे जाऊन थांबला, एक पाय खाली टेकून मागे बघत राहिला. शिवीसुद्धा दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

काम तिथल्या तिथे थांबवलं. माझं मत आता पक्कं आहे: घरगुती कामाला, तेही वाहत्या रस्त्यालगत, सात-आठ टनांचं धूड आणूच नये. छोटं मशीन आणा नाहीतर माणसं लावा. चार दिवस जास्त लागले तर लागू देत. तुम्हाला काय वाटतं?

सीटवरचा

साहेब, अठरा वर्षं त्याच सीटवर बसतोय, म्हणून राग मानू नका. तुम्ही सांगितलंत ते वाचून मलाच लाज वाटली. पण मशीनला दोष देऊ नका. त्या ऑपरेटरने मशीन उलटंसुलटं वापरलं.

बारा मीटरच्या पट्ट्याला पुढची बकेट घेऊन येरझाऱ्या घालायच्याच नसतात. मशीन एकदाच आत न्यायचं, पाठ रस्त्याकडे, आर्म रस्त्याकडे. जॅक, म्हणजे मशीनचे मागचे दोन टेकू, जमिनीला टेकवायचे, फाटकाचं तोंड आधी खोदायचं आणि माती आतल्या आत बाजूला टाकायची. मग एकेक पाऊल घराकडे सरकायचं. पहिल्या तासा-दीड तासात रस्त्याजवळचं काम संपतं, बाकी दिवसभर तुमचा रस्त्याशी संबंध नाही. माती भरायची वेळ आली की डंपर आत घ्यायचा.

आता माणसं लावायचं म्हणताय तर हिशेब करू. १२ गुणिले साडेतीन म्हणजे ४२ चौरस मीटर, ३० सेंटीमीटर खोल, म्हणजे साडेबारा घनमीटरच्या वर माती. खोदली की ती फुगते, सोळा धरा. ढकलगाडीत ६० लिटर मावतात. झाल्या की नाही अडीचशेहून जास्त फेऱ्या? आणि ती गाडी रिकामी कुठे करणार? रस्त्याकडेच्या त्याच डंपरमध्ये. म्हणजे तुम्ही मशीन वाचवून माणूस अडीचशे वेळा रस्त्यावर पाठवताय. आत येणारी खडी वेगळीच, तिच्या दीडशे.

एकचाकी

वरच्यांच्या हिशेबाला माझी पाठ साक्षीला आहे. एवढाच पट्टा आम्ही हाताने केला, कारण मलाही असंच वाटलं होतं. पाचव्या दिवशी सगळे इतके दमलेले की कडेचे कोनसुद्धा कुणी नीट लावेना. पुन्हा करणार नाही.

दोनचाकी

सगळे मालकाच्या नाहीतर ऑपरेटरच्या बाजूने बोलताहेत. मी तो मोटारसायकलवाला आहे. तोच नव्हे, पण तसाच एक, रोज अशा फाटकांसमोरून जाणारा.

मीही एक हिशेब मांडतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसणं, कळणं आणि ब्रेकवर पाय जाणं, याला रस्ते आखणारे अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात मी ४२ मीटर पुढे. त्यानंतर बेताने ब्रेक मारून थांबायला आणखी चाळीसेक. एकूण ८० मीटरच्या वर. तोच ४० च्या वेगाने आलो तर ४५ मीटरच्या आसपास. आता सांगा, ‘काम चालू आहे’ ही पाटी कुठे असते? मशीनला टेकवलेली! पाटी वाचेपर्यंत मी बकेटमध्ये.

सीटवरचे म्हणतात तास-दीड तासात रस्त्याचं काम संपतं. तुमचं संपतं हो. डांबरावर सांडलेली कच तिथेच राहते. चारचाकीवाल्याला ती दिसतही नाही. दोनचाकीचं पुढचं चाक वळणात तिच्यावर गेलं की हॅण्डल हातात आहे की नाही तेच कळत नाही. वर पाऊस पडला तर चाकांनी ओढून आणलेल्या चिखलाचा साबण होतो. झाडू घेऊन कोणी उभं असलेलं मी तरी पाहिलं नाही.

माझं मत पायवाटच्याही पुढचं आहे. रहदारीच्या वेळेत रस्त्याला लागून कुठलंच मशीन चालू नये. छोटं नाही, मोठं नाही.

सीटवरचा

पाटीचं एकदम मान्य. ८० मीटर कशाला, शंभरावर लावा, दोन्ही बाजूंनी. झाडूचंही मान्य. पण रहदारीच्या वेळेत काहीच नको म्हणाल तर काम रात्री करायचं का? रात्री मला खांबही दिसत नाही आणि तुम्हीही. शिवाय रिव्हर्सचा भोंगा. रात्री दोनला तो वाजला की शेजारी मशीनखाली येऊन झोपतील.

उताराचं गणित

स्थापत्यवाला आहे, लहान कामं बरीच केली आहेत. दोन्ही बाजूंशी माझं भांडण आहे.

सीटवरचे, तोंड आधी खोदायचं हे ऐकायला छान वाटतं, पण पुढचा विचार करा. तोंडावर ३० सेंटीमीटरचा खड्डा पडला की त्यानंतरचा प्रत्येक डंपर, खडीची गाडी, काँक्रीटचा ट्रक त्याच खड्ड्यातून आत जाणार. खालची जमीन चाळवली जाणार, चाकं चिखल घेऊन बाहेर पडणार आणि तो चिखल दोनचाकीच्या वाट्याला. रस्त्यालगतचे शेवटचे तीन मीटर मुळीच हात न लावता ठेवायचे. जुनी, गाड्यांनी बसलेली जमीन आहे ती, फुकटचा रॅम्प. आतलं सगळं पुरं करा, अगदी दाबाईसकट, म्हणजे खडी ठोकून घट्ट बसवण्यासकट. मग एके दिवशी, रहदारी सगळ्यात कमी असेल तेव्हा, दिवसाउजेडी, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घेऊन, कडेची पट्टी रीतसर बंद करून ते तीन मीटर खोदा आणि भरा. त्याला दोन टनांचं छोटं मशीन पुरतं. तीन मीटरमध्ये माती किती, तीन-साडेतीन घनमीटर.

पायवाट यांच्याशी भांडण वजनाबद्दल. खोदाईला छोटं मशीन म्हणता, ठीक. पण काँक्रीटचं काय? १२५ मिलिमीटर जाडीला ४२ चौरस मीटरवर सव्वापाच घनमीटर लागतं. तयार काँक्रीटच्या एका ट्रकमध्ये सहाएक घनमीटर येतं. भरलेला ट्रक पंचवीस टनांच्या घरात जातो, पाहूनच छाती दडपते. पण तो एकदा येतो, पाऊणएक तासात ओततो, जातो. त्याऐवजी ‘छोटं’ म्हणून फिरकीचा मिक्सर लावलात की वाळूचा ढीग, खडीचा ढीग, पाण्याचं पिंप, सगळं कडेला आणि दिवसभर. कच सांडते ती त्याच ढिगातून.

जिथे वजन खरंच नको तिथे मात्र कुणी बोलत नाही: दाबाई. आठ-दहा टनांचा रस्त्याचा रोलर घरच्या ड्राइव्हवेवर आणणारे महाभाग मी पाहिलेत. कंप सुरू केला की रस्त्याची कड, कुंपणाची भिंत, खालचा जुना पाइप, सगळेच हलतात. शंभरएक किलोचा प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे सपाट प्लेटने ठोकणारं हाताने चालवायचं मशीन घ्या, खडी दहा-दहा सेंटीमीटरच्या थरांत टाका, किंचित ओली करा, प्रत्येक थर वेगळा ठोका. सगळी एकदम टाकून वरून मोठा रोलर फिरवला की वरचं गुळगुळीत दिसतं आणि खालचं पोकळ राहतं.

सीटवरचा

तीन मीटर तसेच ठेवले तर जोड येतो ना? आतलं काँक्रीट आधी, तोंडाचं नंतर. गाडी रोज त्याच जोडावरून. खचणार तिथेच.

उताराचं गणित

जोड असाही लागतोच. बारा मीटर सलग काँक्रीट ओतून सांधे ठेवले नाहीत तर ते स्वतःच आपल्या मर्जीने तडे पाडून घेतं. तो सांधा तीन मीटरवर आला तर बिघडलं काय? सळ्या टाकून दोन्ही भाग बांधता येतात.

सीटवरचा

मग ट्रक दोनदा मागवणार? आत्ताच म्हणालात एकदा येतो आणि जातो.

उताराचं गणित

बरोबर पकडलंत. तोंडाला जेमतेम सव्वा घनमीटर लागतं. तेवढं मिक्सरमध्ये कालवता येईल, आणि ढीग आता पुऱ्या झालेल्या ड्राइव्हवेवर, फाटकाच्या आत ठेवता येतील. त्यासाठी आतलं काँक्रीट आठवडाभर भिजत ठेवायचं आणि त्यावर गाडी घालायची नाही. ढकलगाडी चालेल.

नळाचं पाणी

मशीन लहान की मोठं, हा वाद बाजूला ठेवा. आमच्याकडे बकेटच्या दाताने पाण्याचा पाइप उपटला. पंधरा सेंटीमीटरवर होता, कागदावर कमरेइतका खोल. कारंजं रस्त्यावर, गाड्या त्यातून, आणि संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली आमच्या फाटकात बादल्या घेऊन उभी. खोदण्याआधी आडवे दोन-तीन चर पहारीने, हाताने काढून पाहा. पाइप किंवा केबल सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मशीन नको. मशीनला कळत नाही तिने काय उचललं, आणि ऑपरेटरला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

सीटवरचा

हे लाखमोलाचं. फावड्याला पाइप लागला तर हाताला कळतं, मशीनमध्ये तेवढंच जाणवतं की बकेट जरा अडली. वरच्या तारांचंही बघा. डंपर हौदा उचलतो, रिकामा करतो आणि हौदा खाली न घेताच पुढे सरकतो, तेव्हा तारा ओढल्या जातात.

आणि हेल्परबद्दल एक राहिलं. फडकं धरणाऱ्याने फक्त फडकंच धरायचं. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोघेही मला दिसतील असे. मशीन आणि खांब यांच्यामध्ये कधीच नाही. दिसेनासा झाला की मी लिव्हर सोडतो, मग मालक कितीही ओरडू दे.

दोनचाकी

ही शिस्त तुमच्याकडे आहे हे वाचून आनंद झाला. पण पायवाटच्या फाटकात तुम्ही नव्हता, फोनवाला हेल्पर होता. शिस्तीवर विसंबायचं आणि शिस्त पाळणारा सापडेल की नाही हे नशिबावर सोडायचं, असं चाललंय. छोटं मशीन चुकलं तर निदान खांबांच्या आत चुकतं. मोठ्याची चूक थेट रस्त्यावर येते. पायवाटचा मूळ मुद्दा मला अजूनही बरोबर वाटतो.

उताराचं गणित

छोट्या एक्स्कॅव्हेटरला निर्दोष समजू नका. वरचा भाग गोल फिरतो तेव्हा मागचं वजन मशीन ज्यांवर चालतं त्या साखळीपट्ट्यांच्या बाहेर येतं. कडेला उभं राहून आत खोदताना बकेट आत आणि पाठ रस्त्यावर, असं सहज होतं. ऑपरेटर बकेटकडे बघत असतो. पाठ बाहेर न येणारी मॉडेलं मिळतात, ती मागून घ्या.

अजून एक, मूळ धाग्यात नाही, तरी सांगतो. ड्राइव्हवेचं रस्त्याकडचं टोक एका गाडीच्या लांबीएवढं, पाचेक मीटर, जवळपास सपाट ठेवा. तीव्र चढावर हॅण्डब्रेक ओढून, मान वाकडी करून रस्ता बघावा लागला तर मशीनचा एक दिवस काहीच नाही, धोका जन्मभराचा. पाणी रस्त्यावर सोडू नका, आणि कडेच्या गटारावर भराव टाकून ते बुजवू नका. ड्राइव्हवेखालून गटाराचं पाणी जायला मोरी ठेवा, तिला निदान ३०० मिलिमीटरचा पाइप घाला, त्यात बांबू घालून गाळ काढता येतो. त्याहून बारीक घातलात तर दुसऱ्या पावसाळ्यात तुंबतो.

पायवाट

सगळं दोनदा वाचलं. आज टेप घेऊन मोजमाप केलं. डंपर आत येतो, फक्त फाटकाची एक झडप काढावी लागेल, चार बोल्ट आहेत. हे कंत्राटदाराने मला सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्या चार बोल्टांसाठी तो माणूस ट्रकसमोर गेला.

तेव्हा मत बदलतो, पण अर्धंच. आतल्या नऊ मीटरना जेसीबी चालेल: एकदाच आत जाईल, संध्याकाळी एकदाच बाहेर पडेल, तोंड पुढे करून. फाटकाजवळचे तीन मीटर शेवटी आणि छोट्या मशीनने. सीटवरच्यांचं ‘तोंड आधी’ मला पटलं नाही. माफ करा दादा. त्या खड्ड्यातून खडीच्या गाड्या जाताना मला दिसतात.

सीटवरचा

माफी कसली. तुमचं फाटक, तुमची खडी. मी असतो तर तोंड आधीच केलं असतं, खड्ड्यावर दोन लोखंडी प्लेटा टाकल्या असत्या आणि गाड्या त्यावरून नेल्या असत्या.

उताराचं गणित

त्या प्लेटा आणायला ट्रक, उतरवायला पुन्हा तुम्हीच.

दोनचाकी

शेवटचे तीन मीटर कोणत्या दिवशी ते इथे टाका. त्या दिवशी मी दुसऱ्या रस्त्याने जाईन.