शेजारच्या तिळगुळावरून प्रभुभोजन नाकारायचे का?

धागाकर्ती (रेल्वे लाइन्स, सोलापूर) :
सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटावर एका वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या एका ज्येष्ठ कारभाऱ्यांनी, परवा लिहिले की, जे संक्रांतीला शेजारचा तिळगूळ खातात, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, जातात, ज्या स्त्रिया कुंकू लावतात आणि जे मंडळीला दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देत नाहीत, त्यांनी येत्या रविवारी प्रभुभोजनाला (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीला) पुढे येऊ नये, कारण त्यांचे तारण झालेलेच नाही. गटावर पंधरा-वीस 'आमेन' पडले, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे.

प्रेषित पौलाने ज्यांना पत्र लिहिले त्या गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांनी, म्हणजे गलतीकरांनी, ख्रिस्ताला सोडले नव्हते. त्यांना ख्रिस्त हवाच होता, त्याच्या जोडीला सुंताही हवी होती, एवढेच. त्या 'जोडीला'वरच पौल संतापला. नियमशास्त्राने नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ गेले, असे तो दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी बजावतो. त्याच अध्यायात अंत्युखियाचा प्रसंग आहे. याकोबाकडची माणसे आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) पंगतीतून उठून बाजूला झाला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर सुनावले. म्हणजे तेव्हाही भांडण कोणी कोणाबरोबर जेवावे याचेच होते! प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे करिंथकरांना लिहिले आहे. शेजाऱ्याची परीक्षा करावी असे लिहिलेले नाही.

गटावर लिहिणारे वडील :
ताई, तो मजकूर माझाच आहे आणि मी तो मागे घेणार नाही. कृपेने तारण, हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले आठवे-नववे वचन सर्वांना तोंडपाठ असते. दहावे, जे सत्कृत्यांविषयी आहे, ते मात्र कोणाला आठवत नाही. याकोब तर कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे असे स्पष्ट सांगतो. शिवाय प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय उघडा. सुंतेचे ओझे काढणाऱ्या त्याच यरुशलेमच्या सभेने मूर्तीला अर्पिलेले पदार्थ वर्ज्य करा, असेही कळवले. प्रेषितांनाही आपण नियमवादी म्हणणार का?

माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना विहिरीवर पाय ठेवू दिला नाही, सख्ख्या भावाने बोलणे टाकले. त्यांच्या पणतवंडांनी यात्रेत होम मैदानावर पाळण्यात बसून नंदीध्वजांचे (सिद्धेश्वराच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) फोटो गटावर टाकावेत, हे मला बघवत नाही.

चादरवाला :
वडील, गड्ड्याला दर वर्षी माझा चादरी-टॉवेलचा स्टॉल असतो. यात्रेतल्या त्या गर्दीवर माझ्या मुलांची फी भरली जाते आणि त्याच पैशातून मी दशांश देतो, जो आपण मोजून घेता. तो पैसा चालतो आणि मी चालत नाही, हे कोणत्या पत्रात लिहिले आहे? बाजारात विकले जाणारे काहीही चौकशी न करता खा, असे पौलाने करिंथकरांना कळवले आहे. हे अर्पिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तरच त्याच्या विवेकाखातर खाऊ नका. शेजारच्या काकूंनी तळहातावर ठेवलेला तिळगूळ कोणालाही अर्पिलेला नसतो.

वडील :
स्टॉल हा व्यवसाय आहे, त्याला मी नाव ठेवलेले नाही. आपण विषय भलतीकडे नेत आहात.

विडी कामगाराची मुलगी :
विषय कुंकवाचाही आहे, तेव्हा बोलते. आईने बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी एका मंडळीत तिचे कुंकू पुसायला लावले आणि मंगळसूत्र काढून घेतले. दुसऱ्या दिवशी ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली असताना गल्लीतल्या बायका एकेक करून सांत्वनाला आल्या. माझे वडील आतल्या खोलीत चहा पीत होते. त्यानंतर हळदीकुंकवाचे बोलावणे तिला कधी आले नाही, आणि ज्यांच्यापुढे तिने साक्ष द्यायची त्याच बायका दुरावल्या. ही कृपा कोणी केली?

निवृत्त परिचारिका :
तुझ्या आईचे वाईट वाटते, पोरी. पण दुसरी बाजूही ऐका. माझे यजमान कृपेवरची प्रवचने ऐकत पीत राहिले. देव क्षमा करतो, हे वाक्य त्यांना बाटलीबरोबर सोयीचे पडत असे. अखेर मंडळीने त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवले, तेव्हा त्यांना लाज वाटली आणि दारू सुटली. स्वातंत्र्याच्या गप्पा ज्यांची घरे शाबूत आहेत त्यांना परवडतात.

इतिहासाचा शिक्षक :
बाई, दारूने घर मोडते. तिळगुळाने कोणाचे मोडले? दोन्ही एका यादीत घालणे हाच मूळ दोष आहे. आपल्याच मराठी मंडळीचा इतिहास पाहा. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 सालचा. मधल्या काळात लक्ष्मीबाईंची सोवळ्याओवळ्याची बंधने एकेक करून गळाली, ती कोणाच्या यादीमुळे नव्हे. आणि अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले ते याच टिळकांनी; आजचा नियम लावला तर त्यांनाही दाराबाहेर उभे करावे लागेल.

वडील :
टिळकांचे अभंग मीही गातो, गुरुजी. परंतु टिळकांचे नाव घेऊन ज्याला त्याला आपली हौस भागवायची असते. टिळक होण्याइतकी तपश्चर्या आधी करा.

चादरवाला :
तपश्चर्येने कृपा मिळते, हे आपण आत्ताच सिद्ध केलेत. धन्यवाद.

वडील :
शब्दात पकडण्यात आपण हुशार आहात. धंद्यात उपयोगी पडत असेल.

धागाकर्ती :
दोघांनीही आवरते घ्यावे. पौलाने यहूदी लोकांसाठी तीमथ्याची सुंता स्वतः करवली आणि तीताची करण्याची सक्ती मात्र मान्य केली नाही. कृती तीच, माणूस तोच. तीमथ्याच्या वेळी सेवेची सोय होती, तीताच्या वेळी ती तारणाची अट झाली होती. म्हणून काका, आपण गड्ड्याला जाऊ नका, मी आपल्याला आग्रह करणार नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये असेही आहे, आणि ते चादरवाल्यांनीही वाचावे. बाईंच्या यजमानांना मंडळीने थांबवले ते योग्यच झाले, कारण स्वातंत्र्य देहवासनेला वाव म्हणून वापरू नका, हे गलतीकरांनाच लिहिले आहे. परंतु त्यांना सावरण्यासाठी थांबवले होते, तारण झाले नाही असा शिक्का मारून नव्हे.

वडील :
बाईंच्या बाबतीत आपण मान्य केलेत, हे बरे झाले. दशांशाची ओळ मी काढतो, कारण ती मुळात खजिनदारांच्या आग्रहामुळे घातली होती. कुंकवाविषयी पाळकसाहेबांशी बोलेन. गड्ड्याची ओळ राहील.

विडी कामगाराची मुलगी :
आणि 'तारण झालेले नाही' ही ओळ?

वडील :
ती शनिवारच्या सभेत ठेवतो. आपणही या, आईंनाही आणा.

विडी कामगाराची मुलगी :
आई येईल. कुंकू लावून येईल, एवढे सभेला आधी कळवून ठेवा.