शब्दचर्चा: फिट, आकडी, मिरगी, झटका... नेमकं काय लिहू?

टाकबोरू
एका औषधाच्या चाचणीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. अपस्मारावरची, म्हणजे एपिलेप्सीवरची, नवी गोळी आहे. भाग घेणाऱ्याने पत्रक वाचून सही करायची. चौदा पानं सरळ गेली, पंधराव्यावर गाडी अडली. मूळ वाक्याचा अर्थ एवढाच, की ‘सीझर’ आला म्हणजे ‘एपिलेप्सी’ असतेच असं नाही. आता ‘सीझर’ तसाच ठेवायची सोय नाही, कारण मराठीत सीझर फक्त बाळंतपणात होतं.

पहिला खर्डा: ‘फिट आली म्हणजे फिटचा आजार असतोच असे नाही.’ वाचून मीच हसले. दुसरा: ‘प्रत्येक आकडी म्हणजे मिरगी नव्हे.’ हे बरं वाटलं म्हणून मावशीला वाचून दाखवलं. ती बारा वर्षं गोळ्या घेतेय. म्हणाली, “आकडी लहान पोरांना येते, तापात. मिरगी म्हणजे रस्त्यात पडतात ती. मला फिट येते.” म्हणजे तिच्या लेखी हे तीन शब्द तीन वेगळे आजार, आणि त्यातला सगळ्यात सभ्य तिचा.

शनिवारपर्यंत द्यायचंय. सुचवा.

शुद्धमती
यात अडण्यासारखं काय आहे? आजार तो अपस्मार, आणि येतो तो अपस्माराचा झटका. अप + स्मार, स्मृती हरपणे. चरकापासून चालत आलेला शब्द घरात असताना फिट कशाला?

टाकबोरू
मती, वाक्यात बसवून बघा ना. ‘अपस्माराचा झटका आला म्हणजे अपस्मार असतोच असे नाही.’ पहिल्या दोन शब्दांतच आजार ठरवून मोकळे झालो.

चेतातंतू
टाकबोरूंचा मुद्दा बरोबर आहे आणि तो नुसता भाषेचा नाही. मेंदूतल्या पेशींच्या एखाद्या गटातून एकाच वेळी बेसुमार विद्युत्संदेश सुटले की जे घडतं ती घटना, म्हणजे सीझर. ती कुणालाही घडू शकते. रक्तातली साखर फार उतरली, सोडियम उतरलं, रोजची दारू एकदम तुटली, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला ताप चढला, की एखाद्या वेळी येते आणि कारण दूर झालं की संपते. आजार म्हणजे ही घटना विनाकारण पुन्हापुन्हा घडण्याची मेंदूची प्रवृत्ती. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीची २०१४ची व्याख्या अशी, की तसं काही निमित्त नसताना चोवीस तासांहून जास्त अंतराने दोनदा आली पाहिजे, किंवा एकदाच आली पण पुढच्या दहा वर्षांत परत येण्याची शक्यता निदान ६० टक्के आहे असं दिसलं पाहिजे. (काही ठरावीक प्रकार याखेरीज.)

थोडक्यात, खोकला आणि दमा यांत जो फरक, तो इथे. खोकल्याला शब्द आहे, दम्याला आहे. इथे घटनेचा शब्द आजाराने गिळलाय.

शुद्धमतीताई, ‘स्मृती हरपणे’ हेही नेहमी लागू पडत नाही. कित्येकांचा नुसता एक हात उडत राहतो आणि ते शुद्धीत राहून स्वतःच तो बघत असतात. याच लीगच्या २०१७च्या वर्गीकरणात ‘भान शाबूत’ आणि ‘भान हरपलेलं’ असे वेगळे कप्पेच आहेत.

शुद्धमती
व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे हो डॉक्टर. तसं बघायचं तर एपिलेप्सी कुठे शास्त्रीय आहे? ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘वरून येऊन धरणे’. आपल्याकडे त्याला ‘झपाटणे’ म्हणतात. हिप्पोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावरचा तो जुना ग्रंथ कंठशोष करून सांगतो, की हा आजार दैवी नाही, मेंदूतून येतो. तरी जगाने नाव झपाटल्याचंच ठेवलं. आपल्या अपस्मारात निदान भूत तरी नाही.

चेतातंतू
हे मात्र मान्य. :)

वाचनमात्र
अवांतर: आकडी शब्द ‘आकडा’वरून आला असणार. अंग आकड्यासारखं वाकडं होतं. फेफरे ‘फेस’वरून.

काथ्याकूट
मला तर आकडी ‘आखडणे’वरून वाटते. खचा क झाला असावा. फेफरे-फेस तर ओढूनताणून आहे, दुसरा फ कुठून आणलात?

वाचनमात्र
तोंडातून. हलके घ्या.

रात्रपाळी
मी वॉर्डात काम करते. शब्दकोश बाजूला ठेवा, कानावर काय येतं ते सांगते. नातेवाईक ‘अपस्मार’ म्हणताना एकदाही ऐकलं नाही. ‘डोळे फिरवले’, ‘दातखीळ बसली’, ‘हातपाय वाकडे झाले’, ‘आचके दिले’, ‘एकटक बघत बसली, हाक मारली तरी ओ देईना’. आम्हाला हेच हवं असतं. कुणी ‘मिरगी आली’ म्हणालं तर मी विचारते, “तुम्ही काय बघितलं ते सांगा.” मग कधी कळतं की ती नुसती चक्कर होती. आणि किती वेळ चाललं? सगळे ‘अर्धा तास’ म्हणतात. एका मुलाने मोबाईलवर चित्रण केलं होतं, त्यात दीड मिनिट निघालं. घाबरलेल्या माणसाचं घड्याळ वेगळंच चालतं. पण घड्याळ बघाच, कारण पाच मिनिटांत थांबली नाही तर ती आणीबाणी.

आता विनंती. काहीही लिहा, पण ‘झटका’ नको. एकदा फोन आला, “बाबांना झटका आलाय, घेऊन निघालोय.” झटका म्हणजे हृदयाचा, असं धरून आमची सगळी जुळवाजुळव छातीची. आले तेव्हा बाबा स्वतः चालत आत आले, पण उजवा हात लोंबत होता, हातातला रुमाल दोनदा खाली पडला आणि त्यांना तो पडल्याचं कळलं नाही. नाव विचारलं तर ‘त त’ करत राहिले. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती. छातीच्या तपासण्यांच्या नादात वीसेक मिनिटं गेली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बहुतेकांना साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितकं चांगलं. एका शब्दाने वीस मिनिटं खाल्ली.

चेतातंतू
मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ साली मांडलेला हिशेब आहे. मेंदूत एकूण ८६ अब्जांच्या आसपास, म्हणून माणूस उरतो. पण मरतात त्या नेमक्या बोलण्याच्या असल्या तर अब्जांचा उपयोग नाही.

काथ्याकूट
म्हणून त्याला पक्षाघात म्हणावं. नेमका शब्द आहे. पक्ष म्हणजे बाजू.

वाचनमात्र
किंवा अर्धांगवायू.

काथ्याकूट
वायूचा काय संबंध? गुठळी अडकते नाहीतर रक्तस्राव होतो. वारा कुठेच नाही.

वाचनमात्र
वातदोषातला वात तो. ‘अंगावरून वारं गेलं’ ऐकलं नाही का कधी?

रात्रपाळी
ऐकलंय, आणि फसलेय. नवीन होते तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, “सुनेच्या अंगावरून जातंय.” मी तिचे हातपाय हलवून बघतेय, चेहरा वाकडा आहे का बघतेय. सून लाजून चूर. दुसरंच जात होतं. वारं हा एक शब्द गाळला तर मेंदूचा विभाग सोडून थेट स्त्रीरोग विभागात.

टाकबोरू
😂 पण माझं पंधरावं पान...

काथ्याकूट
लकव्याचंही सांगून टाकतो. मूळ अरबी ‘लक्वा’, अर्थ चेहऱ्याचा पक्षाघात, तेवढाच. आपण तो अख्ख्या अर्ध्या अंगाला लावला, मग चेहऱ्यापुरता सांगायची वेळ आली तेव्हा ‘तोंडाचा लकवा’ म्हणायला लागलो. पिवळा पीतांबर.

चेतातंतू
आणि तो फरक तपासताना कामाचा आहे. भुवया वर करायला सांगायच्या. कपाळाची ती बाजूही सपाट राहिली तर बहुधा चेहऱ्याच्या नसेचाच दोष, म्हणजे बेल्स पाल्सीसारखं काही. कपाळाला आठ्या पडतात पण ओठाचा कोपरा लोंबतोय, तर मेंदूत शोधायचं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. अर्थात घरी बसून हे ठरवू नका, दोन्हीत दवाखाना गाठा.

‘नस’ लिहिलं खरं, पण लोक रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि शीरही म्हणतात. मज्जातंतू म्हणावं तर मज्जा हाडात असते. चेतातंतू शाळेच्या पुस्तकाबाहेर कुणाला कळत नाही. मी ते टोपणनाव घेतलं तेव्हा तिघांनी विचारलं, “म्हणजे कवी का?”

शुद्धमती
कळत नाही कारण तुम्हीच वापरत नाही! डॉक्टर पेशंटशी न्यूरॉन-न्यूरॉन करणार आणि वर म्हणणार मराठी शब्द रुळत नाहीत. ‘रक्तदाब’ कुणाला कळत होता? वापरला, रुळला.

रात्रपाळी
ताई, लोक ‘बीपी’ म्हणतात.

शुद्धमती
…

गोळीसकाळसंध्याकाळ
बराच वेळ नुसतं वाचतेय. मला हा आजार आहे, वयाच्या नवव्या वर्षापासून. टोपणनावावरून कळलंच असेल.

फिट शब्द मला आवडतो आणि त्याचं कारण भाषेचं नाही. तो लहान आहे, त्याला भूतकाळ नाही. ‘मिरगी’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, ‘फिट’ म्हटलं की तो “अच्छा, गोळ्या चालू आहेत ना?” विचारतो. घोटाळेही होतात. नोकरीच्या तपासणीत विचारलं, “फिट आहे का?” मी म्हटलं, “हो, पण आता तीन वर्षांत आली नाही.” डॉक्टरांना समजायला दोन मिनिटं लागली.

शुद्धमतीताई, रागावू नका, पण नाव बदलण्याचा प्रश्न फक्त आपल्याला पडलेला नाही. मलय भाषेत या आजाराला ‘गिला बाबी’ म्हणायचे, म्हणजे डुकराचं वेड. तिथे आता ‘एपिलेप्सी’ चालतं. कोरियन लोकांनी जुन्या नावात वेडाचा वास येतो म्हणून ‘मेंदूतील विजेचा विकार’ अशा अर्थाचं नवं नाव पाडलं. एकाने परका शब्द उचलला, दुसऱ्याने घरचा नवा घडवला. दोघांनाही जुना नको होता.

आणि ‘मिरगीवाली’ नको. ते नाव वर्गात वर्षभर चिकटलं होतं. तेव्हा दात उघडायला तोंडात चमचा घातला होता कुणीतरी, त्यात एक दात गेला. फिट माझी माझी थांबली होती. (तोंडात काही म्हणजे काही घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, बस.)

रात्रपाळी
+१००. चमच्याचं मी रोज सांगते.

शुद्धमती
रागावले नाही. डुकराचं वेड वाचून गप्प बसले. पण मग कोरियनांचाच मार्ग घ्या की. ‘मेंदूचा विद्युत्क्षोभ’? घटनेला ‘क्षोभ’, आजाराला ‘अपस्मार’. ‘एकदा क्षोभ झाला म्हणजे अपस्मार असतोच असे नाही.’ वाक्य उभं राहतं.

काथ्याकूट
क्षोभ म्हणजे राग. पेशंटला वाटेल चिडू नका असं सांगताहेत.

चेतातंतू
तरी रचना बरोबर आहे. घटनेला एक शब्द, आजाराला दुसरा, आणि पहिल्यात दुसरा डोकावायला नको. माझं मत ‘फिट’ आणि ‘अपस्मार’. एक बोलीतला, एक पोथीतला. घालमेल होणारच नाही.

वाचनमात्र
‘फिट’चं अनेकवचन काय करणार? फिटा? फिटी?

काथ्याकूट
‘फिट्स येतात’ म्हणतातच की लोक.

शुद्धमती
आणि षष्ठी? ‘फिटेचा’ की ‘फिटचा’? शब्द घरात घेतलात तर त्याला विभक्ती लावा, नाहीतर तो पाहुणाच राहील.

टपालवही
उशिरा आलो. याच चालीवर ‘कंपवात’चाही विचार व्हावा. माझ्या काकांना पार्किन्सन आहे आणि कंप अजिबात नाही. हालचाल मंद, चेहरा कोरा, अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालेलं. दोन वर्षं आम्ही म्हणत राहिलो, “हात थरथरत नाही, म्हणजे कंपवात नाही.” नावानेच निदान लांबवलं.

चेतातंतू
अगदी. १८१७ साली जेम्स पार्किन्सनने निबंध लिहिला त्याच्याही शीर्षकात थरथर होतीच, तेव्हा फसलेले आपण एकटे नाही. गंमत म्हणजे या आजारावरचं मुख्य औषध लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांत असतं. १९३७ साली ते त्यातून वेगळं काढलं होतं.

वाचनमात्र
खाजकुइली की खाजकुयली?

काथ्याकूट
खाजकुहिली. कुहिली हा मूळ शब्द.

टाकबोरू
धागा कुठल्या कुठे गेला, पण सांगायला आले. डॉक्टर आणि गोळीसकाळसंध्याकाळ यांचं ऐकलं. ‘एकदा फिट आली म्हणजे अपस्मार असतोच असे नाही’ असं लिहून शनिवारी पाठवलं. मावशीलाही पटलं होतं.

काल तपासून परत आलं. तपासणाऱ्याने ‘फिट हा शब्द प्रमाण नाही’ असा शेरा मारून अख्ख्या मजकुरात शोधा-बदला केलंय. आता पंधराव्या पानावर छापून येणार आहे: ‘एकदा अपस्मार आली म्हणजे अपस्मार असतोच असे नाही.’ आणि तिसऱ्या पानावर, जिथे सहभागी व्यक्ती प्रवासासाठी शारीरिकदृष्ट्या फिट असावी असं होतं, तिथे ती शारीरिकदृष्ट्या अपस्मार असावी.

शुद्धमती
मी नाही हो केलं हे.

काथ्याकूट
‘आली’ तरी ‘आला’ करायचं होतं.