मदत हवी आहे : गर्भनिरोधक वापराच्या विश्लेषणात नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना कोणत्या गटात धरावे?

नमस्कार. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांच्या गर्भनिरोधक वापरावर कोणत्या गोष्टींचा परिणाम होतो, या विषयावर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत असून त्यासाठी घरोघरी झालेल्या एका सर्वेक्षणाची आकडेवारी वापरत आहे. 'सध्या एखादे साधन वापरता का?' याचे हो किंवा नाही एवढेच उत्तर धरून लॉजिस्टिक रिग्रेशन (अशा दोन पर्यायी उत्तरावर कोणत्या गोष्टीचा किती प्रभाव आहे हे मोजण्याची सांख्यिकी पद्धत) केले, तेव्हा वय आणि हयात मुलांची संख्या यांचा प्रभाव ठळक दिसला. शिक्षणाचा मात्र जवळजवळ नाहीसा झाला.

साधननिहाय तक्ते काढल्यावर उलगडा झाला. कमी शिकलेल्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेचे प्रमाण जास्त आहे, अधिक शिकलेल्यांमध्ये निरोध आणि गोळ्यांचे, आणि एकत्र मोजल्यावर हे दोन्ही कल एकमेकांना खोडून काढतात. त्याहून मोठी अडचण काळाची आहे. गोळी घेणारी स्त्री रोज, तर इंजेक्शन घेणारी दर तीन महिन्यांनी तो निर्णय पुन्हा घेत असते; पण पंचविशीत शस्त्रक्रिया करून घेतलेली स्त्री आज पंचेचाळिशीतही 'वापरणारी' म्हणूनच मोजली जाते. तिची आजची मिळकत किंवा घरातला आजचा शब्द हे वीस वर्षांपूर्वीच्या निर्णयाचे कारण कसे मानायचे? (माझ्या मार्गदर्शकांच्या मते सगळ्यांना एकत्रच ठेवावे. मला ते पटत नाही.)

दुष्परिणामांच्या भीतीचेही तसेच. पाळी बिघडेल, वजन वाढेल, पुढे दिवस राहणार नाहीत, ही कारणे फक्त साधन न वापरणाऱ्या स्त्रियांनाच विचारलेली आहेत, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना करताच येत नाही. नवऱ्याशी या विषयावर बोलणे होते का, हा प्रश्न सुदैवाने सर्वांना विचारला आहे; परंतु बोलण्यामुळे वापर सुरू झाला की वापरामुळे बोलणे झाले, हे एका वेळच्या सर्वेक्षणातून ठरत नाही.

शस्त्रक्रिया, तात्पुरती साधने आणि वापर नाही असे तीन गट करून मल्टिनॉमिअल रिग्रेशन (दोनपेक्षा जास्त गटांसाठीची तशीच पद्धत) करावे, की शस्त्रक्रिया झालेल्यांना वगळून केवळ पाळणा लांबवणाऱ्या स्त्रियांचा विचार करावा? तसेच गरोदर आणि लवकर मूल हवे असलेल्या स्त्रियांना 'न वापरणाऱ्या' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अपूर्ण गरजेच्या (म्हणजे मूल नको किंवा उशिरा हवे असूनही साधन न वापरण्याच्या) २०१२ च्या सुधारित व्याख्येत गरोदर स्त्रीचे वर्गीकरण तिला ती गर्भधारणा तेव्हा हवी होती का, यावरून होते. तोच निकष येथे लावला तर चालेल का? अशा आकडेवारीवर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.