सक्तीने भरती करताना दुसरी सही कुणाची असावी?

रानजाई (धागाकर्ती)

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ८९. मानसिक आजार असलेल्या माणसाची तयारी नसतानाही त्याला ३० दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवता येतं. त्यासाठी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या, बहुधा घरच्याच माणसाचा अर्ज लागतो. शिवाय भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायचं असतं. एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक (उदा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार क्षेत्रातली नर्स किंवा समाजकार्यकर्ता) किंवा साधा डॉक्टरही चालतो.

माझा आक्षेप या दुसऱ्या सहीवर आहे. मी या क्षेत्रात समाजकार्यकर्ती आहे. दुसरे डॉक्टर येतात तेव्हा शुभार्थीला (आजारी माणसाला आम्ही असं म्हणतो) इंजेक्शन देऊन झालेलं असतं, जीभ जड झालेली असते. डॉक्टर बहुतेक त्याच रुग्णालयातले. नाव, वार, तारीख विचारतात, पहिल्या तज्ज्ञांचा केसपेपर चाळतात आणि सही करतात. ही स्वतंत्र तपासणी? घरात हिश्श्याचा वाद चाललाय का, सून माहेरी जायचं म्हणत होती का, हे कुणी विचारत नाही, कारण ते कुणाचं कामच नाही.

इंग्लंडमध्ये १९८३ च्या कायद्याप्रमाणे दोन डॉक्टर शिफारस करतात, पण अर्ज सहसा तिसराच माणूस करतो: खास प्रशिक्षण आणि मान्यता असलेला समाजकार्यकर्ता, नर्स, मानसशास्त्रज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. डॉक्टरला ही भूमिका घेताच येत नाही. दोन्ही डॉक्टर हो म्हणाले तरी हा माणूस अर्ज नाकारू शकतो. आपल्याकडेही दुसरी तपासणी डॉक्टर नसलेल्या व्यावसायिकाकडेच द्यावी.

थोरला

ताई, घरच्यांकडे संशयाने बघणं सोपं असतं. माझा धाकटा भाऊ आजारी होता तेव्हा आई रोज रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर काढून उशाखाली घेऊन झोपायची. आमच्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञच मिळत नाही, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुठून आणायचा? तुमची अट असती तर भावाला गाडीत घालून नुसते फिरत बसलो असतो.

रातपाळी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. मूळ मुद्द्याला माझा स्पष्ट विरोध. थायरॉइड, मेंदूतला संसर्ग, दारू अचानक सुटल्यावर होणारे भास, हे सगळं वरून वेडासारखंच दिसतं. माझ्या नजरेतून ते सुटलं, तर दुसरा डॉक्टरच पकडेल. घरची हकिकत महत्त्वाची आहे, मान्य. पण ती गोळा करायला सहीचा अधिकार कशाला हवा? आणखी एक: कायद्याच्या व्याख्येत आयुर्वेदातल्या मानसरोगाचे किंवा होमिओपॅथीतल्या मानसोपचाराचे पदव्युत्तरही मानसिक आरोग्य व्यावसायिकच आहेत. ते घरी जाऊन चौकशी करतील, असं कुठे लिहिलंय?

पायवाट

आधीच्या, १९८७ च्या कायद्यात नातेवाइकांच्या अर्जासोबत सहसा दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं लागत, त्यातला एक सरकारी नोकरीतला. निदान रुग्णालयाबाहेरचं कुणीतरी बघण्याची शक्यता तरी होती. शिक्षण काय यापेक्षा तो रुग्णालयाच्या पगारावर आहे का, हे आधी विचारा.

रानजाई

पायवाट, हे पटलं. माझ्या मागणीत हेही धरा.

थोरला, तशा रात्रीसाठी कलम ९४ आहे. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. मी बोलतेय ते त्यापुढच्या ३० दिवसांबद्दल.

डॉक्टर, शारीरिक कारण शोधायला फिजिशियनला कधीही बोलवा, त्याला कोण अडवतंय? सहीचा अधिकार अशासाठी हवा की नुसती हकिकत फाइलमध्ये पडून राहते. भरती झालेली स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, एरवी ७ दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरतीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, कळवावं लागतं. मंडळात न्यायाधीश असतात, शुभार्थी किंवा शुभंकरांनाही (त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही) जागा आहे. पण त्यांच्यासमोर येतो तो आपणच भरलेला कागद. ‘स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ’ एवढं एक वाक्य वाचून त्यांनी काय ताडायचं?

रातपाळी

मंडळाने शुभार्थीला समोर बोलवावं, हा त्याचा इलाज. दुसरी सही डॉक्टरकडून काढून घेणं नव्हे.

थोरला

कलम ९४ आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी माझी अट राहतेच. बाहेरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार जरूर द्या, पण मग भावाला औषध कोण देणार आणि बिघडलं तर मध्यरात्री कुणाला फोन करायचा, हे त्याने त्याच कागदावर लिहून खाली सही करावी.